पुराव्यांची यादी अर्धीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ आणि ईस्टर जवळ आले की 'उत्खननाने बायबल खरे ठरवले' अशा मथळ्याची बातमी कुठे ना कुठे येतेच, आपल्या वृत्तपत्रातही येते. लगोलग ती आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आणि पुढच्या रविवारी पाळकसाहेबांच्या उपदेशातही ऐकू येते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, बायबल रोज वाचतो. तेव्हा ही तक्रार घरातलीच समजावी.

या बातम्यांत सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. १९६१ मध्ये इस्राएलातल्या कैसरीयाच्या रोमन नाट्यगृहात पायरीसाठी वापरलेला एक दगड निघाला, त्यावर लॅटिनमध्ये पिलाताचे, म्हणजे येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराचे, नाव आणि हुद्दा कोरलेला आहे. १९९३ मध्ये उत्तर इस्राएलात तेल दान येथे अरामी शिलालेखाचा तुकडा मिळाला. 'दावीदाचे घराणे' हे त्यावरचे शब्द बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले आणि दावीद हा निव्वळ दंतकथेतला राजा, असे म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

मला स्वतःला सन्हेरीबाचे प्रकरण सर्वांत बोलके वाटते. ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये हा अश्शूरचा राजा यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यावर, चालून आला. यहूदाचा राजा हिज्कीया याने त्याला ३०० किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी आणि ३० किक्कार सोने दिले, असे २ राजे, अध्याय १८ मध्ये आहे. सन्हेरीबानेही आपली बाजू सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर लिहवून घेतली. असा एक स्तंभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सोने तिथेही ३०च, चांदी मात्र ८००! हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे यरुशलेमात कोंडले, अशी फुशारकी त्यात आहे, पण शहर जिंकल्याचा अवाक्षरही उल्लेख नाही. यहूदातले लाखीश शहर घेतल्यावर आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्याच्या भिंतीच्या भिंती त्या वेढ्याच्या शिल्पांनी भरणारा हा राजा यरुशलेम पडले असते तर गप्प बसला असता का?

म्हणजे स्वारी खरी, खंडणी खरी, यरुशलेम वाचले हेही खरे. परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत अश्शूरी छावणीतले १ लाख ८५ हजार मारले, असे बायबल सांगते, त्याबद्दल मात्र स्तंभ मुका आहे. ते मी विश्वासाने मानतो. कुदळीने ते सिद्धही होणार नाही आणि खोटेही पडणार नाही.

आता यरीहो. यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोकांनी वेढा दिल्यावर या शहराचा तट कोसळला, असे बायबलमध्ये आहे. १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टँग यांना तिथे कोसळलेला तट सापडला आणि तो यहोशवाच्या काळचाच, असे त्यांनी जाहीर केले. १९५२ ते १९५८ या काळात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी तिथे थरांनुसार काटेकोर खोदकाम केले. गार्स्टँग यांचा तट हजारभर वर्षांनी जुना निघाला. नंतरच्या तटबंदीच्या शहराचा नाशही केन्यन यांच्या मते ख्रिस्तपूर्व १५५०च्या सुमारास झालेला. यहोशवाचा म्हणून जो काळ सहसा धरला जातो, त्या वेळी तिथे तट असलेले शहरच नव्हते. काही ख्रिस्ती अभ्यासकांनी या कालगणनेला आव्हान दिले आहे, पण बहुसंख्य पुरातत्त्वज्ञ केन्यन यांच्याच बाजूने आहेत. हा नास्तिकांचा डाव म्हणावा, तर बाई बायबलच्या हस्तलिखितांचे नामांकित अभ्यासक फ्रेडरिक केन्यन यांच्या कन्या! आमच्याकडे फिरणाऱ्या यादीत गार्स्टँग असतात, केन्यन कधीच नसतात.

ही लपवाछपवी अंगाशी येते. कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईलवर पाच मिनिटांत केन्यन शोधून काढतो आणि मग त्याला पिलाताचा दगडही थाप वाटू लागतो. त्याला आधीच दोन्ही बाजू सांगितल्या असत्या तर काय बिघडले असते?

शिवाय पुराव्याची भूक वाढली की तो पुरवणारेही तयार होतात. वॉशिंग्टनला २०१७ मध्ये मोठ्या थाटात बायबल संग्रहालय उघडले. तिथे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (त्या समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचे) म्हणून ठेवलेले १६च्या १६ तुकडे बनावट असल्याचे २०२० मध्ये संग्रहालयालाच जाहीर करावे लागले. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतल्या मूळ गुंडाळ्या अस्सल आहेत, यशयाच्या ग्रंथाची दोन हजार वर्षांहून जुनी प्रत त्यांत आहे. पण ग्रुपवर बनावट तुकड्यांचे फोटो पाठवणाऱ्या कोणी नंतर खुलासा पाठवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

आपल्याला एक विनंती. अशी बातमी छापताना वस्तू कोणी, कुठे आणि कोणत्या थरातून काढली, की जुन्या वस्तूंच्या बाजारातून आली, एवढे जरूर द्यावे. तेल दानचा तुकडा उत्खनन चालू असताना तिथल्या भिंतीत मिळाला, वॉशिंग्टनचे तुकडे विकत घेतलेले होते. हा फरक सांगायला बातमीत एक ओळ पुरते.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर