घरांच्या झालेल्या सौद्यांचे भाव छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या प्रॉपर्टी पुरवणीत गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ सगळीकडचे घरांचे भाव आले होते, पण ते सगळे बिल्डर आणि एजंट लोकांनी सांगितलेले भाव, प्रत्यक्षात फ्लॅट कितीला गेला हे कुठेच नाही. माझी कळकळीची विनंती आहे की नाशिकमध्ये रजिस्टर झालेल्या सौद्यांचे भाव छापा, एरियाप्रमाणे आणि कार्पेटवर, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर.

का ते सांगतो. माझ्या ताईला इंदिरानगरचा टू बीएचके विकायचाय, बिल्डिंग जुनी आहे, लिफ्ट नाही. शेजारी नवीन स्कीम उभी राहिली आणि तिथल्या सेल्स ऑफिसचा रेट कानावर आला तेव्हापासून तिच्या बिल्डिंगमधले सगळे तोच रेट धरून बसलेत, गिऱ्हाईक येतं, बघून जातं, परत फोन करत नाही. आणि आमचा मावसभाऊ अंबडला कंपनीत आहे, तो पाथर्डी फाट्याला घर बघतोय, त्याला जिथे जाईल तिथे एकच ऐकवतात, कुंभमेळा येऊ द्या मग बघा भाव कुठे जातात, आजच टोकन देऊन टाका. विकणारी अडकलीये, घेणारा घाबरलाय, आणि खरा आकडा दोघांकडेही नाही.

घरखरेदीचा रेरा कायदा आपल्याकडे 2017 पासून लागू आहे, घर कार्पेटवर विकायचं असा नियम आहे, तरी बोलताना अजून सेलेबलवरच बोलतात, म्हणजे जिना, पॅसेज वगैरेचा वाटा धरून फुगवलेल्या क्षेत्रफळावर. समजा हजार स्क्वेअर फूट सेलेबल, साडेचार हजारचा रेट, 45 लाख झाले. आत कार्पेट निघालं 700, म्हणजे खरा रेट 6400 च्या वर गेला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेली ही जास्तीची जागा, कमी असेल तर तिथला पाच हजारचा रेटसुद्धा स्वस्त पडू शकतो, पण पुरवणी वाचून हे कोणाला कळणार? शिवाय नवीन चालू कामाच्या फ्लॅटवर जीएसटी वेगळा, 45 लाखांपर्यंत किंमत आणि 90 चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर 1 टक्का, नाहीतर 5. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला किंवा रिसेलचा घेतला तर जीएसटी नाहीच. त्यामुळे नवीन आणि जुन्याचा रेट शेजारी शेजारी ठेवून बघणंच चूक आहे.

दुसरा घोळ रेडी रेकनरचा. 2025 च्या एप्रिलमध्ये नाशिक महापालिका हद्दीत रेकनर 7.31 टक्क्यांनी वाढला, मुंबई सोडून राज्याची सरासरी वाढ 4.39 होती, आणि लगेच लोक म्हणायला लागले आपल्या घराचा भाव वाढला. अहो तो स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला दर आहे, गिऱ्हाईक तेवढे देईलच असं नाही. उलट सौदा रेकनरच्या खाली झाला तरी ड्युटी रेकनरवरच भरावी लागते.

कुंभमेळ्याचं म्हणाल तर रस्त्यांची कामं होतायत, समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला, फायदा होणार हे मलाही मान्य आहे. पण मुंबईला जाताना समृद्धीवर चढायला नाशिकवाल्याला आधी मुंबई-आग्रा हायवेने इगतपुरीकडे जावं लागतं. आणि 2027 चा सिंहस्थ उरकून जाईल, लोनचा हप्ता वीस वर्षं चालू राहील. घाईत टोकन देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं की रजिस्टर साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

खरा आकडा मिळवणं अशक्य नाहीये. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताचा गोषवारा, बघायला मिळतो, त्यात मोबदला म्हणजे सौद्याची किंमत, सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं. अडचण एवढीच की गट नंबर, सर्व्हे नंबर टाकून एकेक दस्त शोधत बसावं लागतं, नोकरी करणाऱ्या माणसाला ते जमत नाही, आपल्यासारख्या पेपरला जमेल. काही सौद्यांत रोखीचा भाग असतो आणि तो कागदावर येत नाही हे माहितीये, पण लोन काढून घर घेणाऱ्यांचे सौदे बऱ्यापैकी कागदावर असतात, त्यावरून अंदाज नक्की येतो. नावं अजिबात छापू नका, फक्त एरिया, बिल्डिंग किती जुनी, कार्पेट, किंमत, आणि पूर्णत्वाचा दाखला आहे की नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, मंजूर नकाशाबाहेर जाऊन कपाटांची जागा फ्लॅटमध्ये घेतल्याच्या प्रश्नावरून नाशिकमध्ये बिल्डिंगांचे दाखले अडकले होते तेव्हा घर घेतलेल्या लोकांचे किती हाल झाले ते आपल्याच पेपरात वाचलंय, दाखला नसलेल्या फ्लॅटचा आणि असलेल्याचा भाव एक कसा असेल?

सुरुवात इंदिरानगर, पाथर्डी फाटा, नाशिकरोड आणि आडगावपासून करा, महिन्यातून एक चौकट दिली तरी पुरे. इंडेक्स टू शोधून तक्ता करायला माणसं कमी पडत असतील तर मी आणि आमच्या कॉलनीतले काही रिटायर्ड लोक मदतीला यायला तयार आहोत.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक