करवत लावण्याआधी कपाट स्क्रीनवर उभं करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की पेपरात फर्निचरच्या जाहिराती आणि घर सजवायच्या टिप्स भरभरून येतात, पण ज्यांना घरातलं शेल्फ, कपाट, टेबल स्वतः किंवा आपल्या सुताराला सोबत घेऊन करायचंय त्यांच्यासाठी कुठेच काही येत नाही, म्हणून लाकूड कापण्याआधी फर्निचर कॉम्प्युटरवर काढून बघण्याबद्दल हे पत्र लिहितेय. जरा लांब झालंय, शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी बडोद्यात कारेलीबागेत तळमजल्यावर राहते, शाळेत गणित शिकवत होते, आता रिटायर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याही घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. उतरल्यावर बघितलं तर पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) तयार आणलेली दोन्ही कपाटं खालून फुगून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी सुटत होती, आणि सासूबाईंच्या वेळचा सागवानी झोपाळा मात्र धुतला, पुसला, सावलीत वाळवला आणि परत कड्यांना अडकवला. त्या दिवशी ठरवलं की आता जे करायचं ते नीट विचार करून, आपल्या मापाचं आणि चांगल्या मालात.

पण विचार करून म्हणजे कसं? आमच्याकडे आधीचं बेडरूमचं कपाट केलं होतं तेव्हा सगळं बोलण्यातच ठरलं, फरशीवर खडूने चौकोन काढला, इथे दार इथे खण असं हाताने दाखवलं, आणि कपाट उभं राहिल्यावर कळलं की डावीकडचं दार पलंगाला अडतंय, अर्धंच उघडतं. बारा वर्षं आम्ही त्या दारातून आडवे होऊन कपडे काढले. चूक ना करणाऱ्याची होती ना सांगणाऱ्याची, दोघांच्या डोक्यात दोन वेगळी कपाटं होती आणि ती एकमेकांना दाखवायचा काही मार्गच नव्हता.

तो मार्ग आता फुकट मिळतो हे मला सांगायचंय. स्केचअप या त्रिमितीय चित्र काढायच्या सॉफ्टवेअरची ब्राउझरमध्ये चालणारी फ्री आवृत्ती आहे, घरगुती कामाला ती पुरते, चौकोन काढायचा आणि माउसने ओढून त्याची फळी करायची, इतकं सोपं. दुसरं फ्रीकॅड, हे पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. शिकायला जास्त वेळ लागतो पण त्यात मापांचा तक्ता करून ठेवता येतो, उंचीच्या घरात १८०० च्या जागी १९५० टाकलं की अख्खं कपाट स्वतःहून वाढतं. मी सुरुवात स्केचअपने केली आणि नवीन माणसानेही तिथूनच करावी असं मला वाटतं. एकच सवय पहिल्या दिवसापासून लावा, प्रत्येक फळी काढून झाली की लगेच तिचा कंपोनंट (म्हणजे वेगळा, स्वतंत्र भाग) करायचा, नाहीतर एक फळी दुसरीला चिकटते आणि मग एक हलवली की सगळं वाकडं होतं. शिवाय कंपोनंटचा फायदा असा की पाच कप्पे एकसारखे असतील तर एकात बदल केला की पाचही बदलतात.

आधी खोली काढा. भिंती, खिडकी, दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते, स्विचबोर्ड, पंख्याचा घेर, पलंग, सगळं. हे एका दुपारचं काम आहे. मग त्यात कपाट ठेवा आणि दार ९० अंशात फिरवून बघा. मी हे केलं तेव्हा आमच्या दाराचं बारा वर्षांचं दुखणं दोन मिनिटांत समोर दिसलं, तिथे सरकती दारं लागणार होती.

आता खरा मुद्दा मापांचा. समजा ९०० मिमी रुंद कपाट आहे, दोन बाजू १८ मिमी प्लायच्या, तर मधला कप्पा ९०० वजा ३६ म्हणजे ८६४ चा, हे कोणीही सांगेल. मी तसंच काढलं आणि प्रिंट घेऊन सुतारकाकांना दाखवली (गेली वीस वर्षं आमच्या गल्लीतली सगळी कामं तेच करतात). ते चष्मा वर करून म्हणाले, "बेन, माइका गण्यु?" म्हणजे प्लायवर चिकटवायचा माइकाचा पातळ पत्रा हिशोबात धरलात का? बरोबर! प्लायच्या दोन्ही अंगांना एकेक मिमी माइका लागला की बाजू २० ची होते, कप्पा ८६० चा पाहिजे. चार मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण ८६४ ची फळी ८६० मध्ये ठोकून बसवायला गेलं की बाजू फाकते आणि मग कुठलंच दार सरळ बसत नाही. वर १८ म्हणून घेतलेली प्लाय मोजली की बरेचदा थोडी कमीच भरते, म्हणून दुकानात मोजून घ्या आणि तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये टाका. खणाचंही तसंच, खण ज्यावर सरकतो त्या साध्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच जागा लागते, म्हणजे खणाची पेटी आतल्या मापापेक्षा पूर्ण एक इंच कमी. हे चित्रात दिसलं की कायमचं डोक्यात बसतं.

आणि प्लाय कापायचं गणित. शीट आठ बाय चारची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. पुस्तकांच्या शेल्फची खोली आपण सवयीने एक फूट, म्हणजे ३०५ मिमी सांगतो, आणि चार फुटांत एक फुटाच्या चार पट्ट्या निघणार असं धरून चालतो. पण करवतीचं पातं दर कापाला अंदाजे ३ मिमी खातं, तीन कापांत ९ मिमी गेले, चौथी पट्टी तेवढी अरुंद निघते आणि वाया जाते. खोली ३०५ ऐवजी ३०० ठेवली की चारही पट्ट्या निघतात. पाच मिमीने पुस्तकाला काहीच फरक पडत नाही, पण दर शीटमागे एक पट्टी वाचते, आणि चांगली वॉटरप्रूफ प्लाय किती महाग झालीय ते सगळ्यांना माहीत आहे. हल्ली पुष्कळ प्लायवाले आपण माप दिलं की पॅनल सॉवर (मोठ्या शीट कापायच्या यंत्रावर) कापून देतात, त्यांना नीट कटिंग लिस्ट (तुकड्यांच्या मापांची यादी) दिली तर घरात भुसाही होत नाही. फक्त लाकडाच्या रेषा आठ फुटांच्या दिशेने जातात हे लक्षात ठेवून तुकडे लावायचे, नाहीतर शेजारशेजारच्या दोन दारांवर एकीकडे उभ्या रेषा आणि दुसरीकडे आडव्या.

पुरामुळे मी आणखी एक गोष्ट केली. १८ मिमीची अख्खी शीट तीस-पस्तीस किलो भरते, त्यावरून प्रत्येक भागाचं वजन काढलं आणि सहा फुटी कपाटाऐवजी एकावर एक ठेवून स्क्रूने जोडलेले तीन वेगळे भाग केले. पाणी येतंय कळलं तर स्क्रू सोडून दोन माणसं एकेक भाग पहिल्या मजल्यावर नेऊ शकतात. विश्वामित्रीच्या काठच्या शहरात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

पण कॉम्प्युटर सगळं सांगत नाही, हेही तितक्याच कळकळीने लिहिते. स्क्रीनवर फळी कायम सरळच दिसते. चार फुटांच्या शेल्फवर पुस्तकं भरली की ती मधे वाकते, आणि किती वाकते तर सारखी पुस्तकं भरलेली फळी लांबीला दुप्पट केली की वाक सोळा पट होतो, दुप्पट नाही. म्हणून १८ मिमी प्लायची फळी अडीच फुटांच्या वर नको, किंवा मधे उभी फळी द्या, किंवा पुढच्या कडेला दीड इंचाची उभी पट्टी मारा. तसंच अस्सल लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि आपल्या इथल्या मे महिन्यात आक्रसतं, प्लायचं तसं होत नाही. सागवानी दाराच्या चौकटीतली फळी चारी बाजूंनी गच्च बसवून वर फेविकॉल लावला तर ती एक दिवस तडकते, खाचेत थोडी जागा मोकळी सोडावी लागते. हे मला सुतारकाकांनी शिकवलं, सॉफ्टवेअरने नाही. मी त्यांना स्क्रीनवर कपाट फिरवून दाखवलं, ते मला म्हणाले इथे गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघ, इथे दोन सूत (पाव इंच) सोड, आणि आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते आम्हा दोघांपैकी एकट्याला जमलं नसतं. कॉम्प्युटर आला म्हणजे सुताराची गरज संपली असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. त्यांनाच हे आधी शिकवायला पाहिजे.

शिकवणार कोण आणि कुठल्या भाषेत, अडचण इथे आहे. व्हिडिओ ढीगभर आहेत पण चांगले बहुतेक अमेरिकन, त्यातला टू बाय फोर (दोन बाय चार इंच म्हणून विकला जाणारा लाकडाचा तुकडा) हा प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचा असतो हेच पहिले कितीतरी दिवस मला कळलं नव्हतं, आणि आपल्याकडे सागवान घनफुटावर मिळतं. सात फूट लांब, चार इंच रुंद, तीन इंच जाड म्हणजे सात गुणिले चार गुणिले तीन भागिले १४४, अंदाजे ०.५८ घनफूट, हे तिथे कोण सांगणार?

आपण बडोद्यात राहतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन ही कारागिरी आणि तंत्र शिकवणारी संस्था काढली आणि त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की कारागिरीचं आणि विज्ञानाचं शिक्षण आपल्या भाषेत मिळालं पाहिजे. दादासाहेब फाळके सुद्धा तिथे शिकले. ती इमारत अजून आहे, आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं इंजिनिअरिंग तिथे चालतं, आत चांगल्या कॉम्प्युटर लॅब असतील. माझी विनंती एवढीच की आठवड्यातून एक दिवस, रविवारी सकाळी दोन तास, मराठी-गुजरातीत हे सॉफ्टवेअर शिकवायचा वर्ग सुरू व्हावा, निम्म्या जागा सुतारकाम करणाऱ्यांसाठी ठेवाव्यात आणि निम्म्या आमच्यासारख्या घरगुती लोकांसाठी, आणि दोघांना एका टेबलावर बसवावं. विद्यापीठाला जमत नसेल तर आपल्या मराठी मंडळांनी, वाचनालयांनी करावं, चार-पाच जुने लॅपटॉप आणि इंटरनेट एवढंच लागतं. आपल्या पेपरने दर आठवड्याला अर्ध्या कॉलमात एक छोटा आराखडा मापांसकट छापला तरी फार मोठं काम होईल, पहिले काही मी करून द्यायला तयार आहे, पाट आणि चपलांच्या रॅकचा तयारच आहे.

आणि तोवर ज्यांना शिकायचंय त्यांनी रविवारी दहा ते बारा आमच्याकडे यावं, आपल्या खोलीची मापं मिमीमध्ये घेऊन. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवते. सुतारकाकाही येतात, त्यांनी मागच्या रविवारी स्वतःच्या नातीसाठी अभ्यासाचं टेबल काढायला घेतलंय, पाय काढून झालेत, खण राहिलाय.

आपली,
एक वाचक, कारेलीबाग, बडोदे