सगळं चिपच्या पोटात

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. ‘सगळंच चिपमध्ये गेलं, आता आपण करायचं काय?’ असं वैतागून लिहिलंयस. नेमका तेव्हाच माझ्या टेबलावर एक बंद पडलेला रेडिओ उघडून ठेवला होता.

आत नखाएवढी एक चिप, मनगटी घड्याळात असतो तसला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, चार कपॅसिटर आणि स्पीकर. बस्स! स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर नाही, पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या आयएफटी कॉइल नाहीत. आठवतं? रेडिओ मुका झाला की आपण व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचो. ‘घूंऽऽ’ आलं की तिथून स्पीकरपर्यंत सगळं शाबूत, दोष त्याच्या आधी. मग एकेक पायरी मागे सरकत ४५५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे त्या आयएफटींच्या पायरीपर्यंत. इथे त्या पायऱ्या सिलिकॉनच्या आत, आकडेमोडीत. स्क्रूड्रायव्हर टेकवणार कुठे?

मला चुटपुट लागते ती याची. सोल्डरिंगचं तितकं नाही. २.५४ मिलिमीटर अंतरावरच्या पायांना सरावलेल्या हातांना बाहेर पाय नसलेल्या क्यूएफएन चिपच्या पोटाखालचं पॅड म्हणजे छळच, कारण आयर्नचं टोक तिथे जातच नाही. पण पेस्ट आणि गरम हवेने जमतं. माझी पहिली चिप तिरकी बसली, दुसरी करपली. तिसरी मात्र सोल्डर वितळताच जराशी थरथरली आणि आपसूक सरकून जागेवर बसली. तू बघायला हवा होतास. (भिंग लागतं, ते सोड.)

आणि १९७२ साली आलेल्या ५५५ या टायमर चिपमध्येही पंचवीसेक ट्रान्झिस्टर होतेच की. तेही कधी दिसले नाहीत, पण व्होल्टेज ताडून बघणारे दोन कंपॅरेटर आणि चालू-बंद लक्षात ठेवणारा एक फ्लिपफ्लॉप एवढं चित्र डोक्यात मावायचं. ईएसपी३२ ही आजची वायफायवाली चिप मावत नाही. त्यातला वायफायचा बराचसा कोड तर तयार बांधूनच येतो, उघडून वाचायची सोय नाही. मात्र त्याच चिपवर टाकीतलं पाणी फोनवर दाखवणारं यंत्र मी दोन संध्याकाळींत उभं केलं. पूर्वी नुसता बिनतारी दुवा जमवताना आपला दम निघाला असता. तेव्हा करायचं काय, हा प्रश्नच नाही. बिघडलं तर शोधायचं कसं, हा आहे.

रेडिओत बॅटरीची स्प्रिंग गंजली होती. घासली, वाजायला लागला.

तुझ्या डब्यातल्या जुन्या आयएफटी फेकू नकोस. पुतणीला सुपरहेट, म्हणजे आपला तो जुन्या पद्धतीचा रेडिओ, जोडून दाखवायचाय, आणि माझ्याकडे काळी नाहीये.

तुझा,
अनिल