घाईची पोर

येळ्ळूर, जि. बेळगाव

चि. सौ. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलले नाही, कारण बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणतात, पोरीला आत्तापासून घाबरवू नकोस. पण तुला बारावा आठवडा लागलाय, आणि गरोदरपणात बीपी चढवणाऱ्या आजाराचं, प्रीएक्लाम्पसियाचं, हे सोळाव्याच्या आत सांगितलं तरच उपयोगाचं.

तू सातव्या महिन्यात झालीस, "घाईची पोर" म्हणून आपण हसतो. खरं असं, की १९९६ च्या मे महिन्यात माझी जोडवी बोटांत रुतली. साबण लावूनही निघेनात. आजी म्हणाली, पोटुशीचे पाय सुजायचेच. खोटं नव्हतं ते. पण माझं तोंडही सुजलं होतं, डोकं ठणकत होतं, आणि मी आपली सुंठ उगाळून लावत बसले. परड्यात धुणं वाळत घालताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा कुठं बाबांनी टेम्पोत घालून बेळगावला नेलं.

बीपी १७० वर ११६. लघवी नळीत तापवली, तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. महिनाभर आधी एका दवाखान्यात गेले होते, तिथं वजन तेवढं घेतलं. बीपी कुणी बघितलं नाही, मीही विचारलं नाही.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली, दोन्ही कुल्ल्यांवर. अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं. नर्सबाई सारखी येऊन गुडघ्यावर हातोडी मारायची. पाय उडाला नाही तर औषध जास्त झालं म्हणायचं. "कण्णु तेगी, अक्का," म्हणत मला जागं करायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळामागची वार बाहेर पडल्याशिवाय हा आजार हटत नाही, पण एकोणतिसाव्या आठवड्यात बाळ कच्चं. मग तुझ्या फुप्फुसांसाठी मला दोन इंजेक्शनं, चोवीस तासांच्या अंतरानं. बीपीच्या गोळ्या, रोज रक्त तपासायचं, आणि एकेक दिवस ढकलायचा. असे नऊ ढकलले. दहाव्या रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, प्लेटलेट उतरल्या, आणि सिझर केलं. तू अकराशे ग्रॅम. आजीनं काचेतून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

बाळंतपण झालं म्हणजे सुटका, असंही नाही. चौथ्या दिवशी माझं बीपी पुन्हा चढलं. आज रोज सकाळी गोळी घेते ना, तिचीही पाळंमुळं तिथंच असावीत.

आता तुझं. तुझी पहिली खेप, आईला हा आजार झालेला, आणि तू स्वतः कमी वजनाची जन्मलेली. या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना सांग आणि कमी ताकदीची ॲस्पिरिन लागेल का ते विचार. देतात ती रात्री घ्यायला, बहुतेक १५० मिलिग्रॅम, पण मनानं सुरू करायची नाही. आपल्या बेळगाव भागातल्या बायकाही ॲस्पिरिनच्या एका मोठ्या अभ्यासात होत्या. तो २०२० साली छापून आला. पहिलटकरणींना ती दिल्यावर वेळेआधीची बाळंतपणं थोडी कमी झाली. सगळी टळली नाहीत, हेही ध्यानात ठेव.

आजार वीस आठवड्यांनंतर डोकं वर काढतो. १४० वर ९० दिसलं तर डॉक्टरांना कळव. १६० वर ११० दिसलं, डोकं फुटायला लागलं, नजर अंधारली, नाहीतर बरगडीखाली दुखलं, तर सासूबाईंच्या काढ्याची वाट बघू नकोस, रात्र असली तरी निघ. त्यांना वाईट वाटलं तर मी बघून घेईन.

बाबांनी मला न सांगता बीपीचं मशीन आणून ठेवलंय. घाबरवू नको म्हणणारे हेच! रविवारी घेऊन येतील, कुंदाही देतेय. पाच मिनिटं पाठ टेकून बस आणि मग मोज. आणि जोडवी जरा सैल करून घे.

तुझी,
आई