त्या उघडलेल्या मुठीसाठी

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

आमची लेक काल पाच महिन्यांची झाली. पालथी पडते. माझे केस मुठीत सापडले की सोडत नाही, आणि मला दरवेळी तुमची ती अंधारी खोली आठवते.

एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत 'कोरॉइड प्लेक्सस सिस्ट, दोन्ही बाजूंना' असं आलं होतं. जिथे ती केली, तिथे 'तुमच्या डॉक्टरांना दाखवा' एवढंच ऐकायला मिळालं. नौपाड्यातून घोडबंदर रोडला तुमच्याकडे येताना रिक्षात हे आणि मी एक शब्द बोललो नाही. बाळाच्या मेंदूत गाठ! सासूबाईंना तर सांगायचा धीरच झाला नव्हता.

तुम्ही आधी 'गाठ' हा शब्दच खोडलात. मेंदूतलं पाणी तयार करणारी एक जाळी असते, तिच्या घड्यांत थोडं पाणी अडकून बुडबुडा होतो, हे कागदावर काढून दाखवलंत. शंभरातल्या एक-दोन बाळांत दिसतो, बहुतेकदा 28व्या आठवड्यापर्यंत विरतो, आणि नुसता तेवढाच असेल तर बुद्धीला धक्का लागत नाही. 'मग एवढं घाबरायचं कशाला?' असं यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेली नाहीत. अठरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असलेल्या बाळांतही अशा सिस्ट दिसतात, हे सांगितलंत. पण त्यांच्यात सहसा आणखीही काही सापडतं: हृदयात दोष, खुंटलेली वाढ, बोटांवर बोटं चढून घट्ट मिटलेल्या मुठी. 'म्हणून सिस्ट बाजूला ठेवू, बाकीचं बाळ बघू.'

हृदयाचे कप्पे, कणा, पावलं, सगळं नीट होतं. एक मूठ मात्र उघडेना. 'झोपलंय. तुम्ही फिरून या, काही खाऊन या.' बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी दोनदा पाठवलंत. तिसऱ्यांदा पडद्यावर पंजा पसरला आणि तुम्ही मोठ्याने बोटं मोजलीत. एक, दोन, तीन, चार, पाच. मी रडले ते तेव्हा.

डबल मार्कर, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत गुणसूत्रांच्या दोषाचा धोका पाहणारी रक्ततपासणी, आधीच लो रिस्क आली होती. बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायची गरज वाटत नाही, मनाच्या शांतीसाठी हवी तर आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणारी एनआयपीटी करा, असं म्हणालात. सोनोग्राफी शंभर टक्के हमी देत नाही, हेही लपवलं नाहीत. त्यामुळेच तर विश्वास बसला. 28व्या आठवड्यात सिस्ट दिसल्या नाहीत, तेव्हा सासूबाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी तुमच्यासाठी बेसनाचे लाडू वळलेत. शनिवारी लेकीला घेऊन येतो. रांग असली तर थांबू.

आपली,
नौपाड्याची पेशंट