समुद्राची नोंद खंडू नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तीन माणसांना ६००० मीटर खोल नेण्यासाठी तयार होत असलेल्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीच्या बातम्या मी उत्सुकतेने वाचतो. १९८१ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाकडे जाणारी पहिली भारतीय मोहीम आपल्या गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली, त्याचा अभिमान मला आजही वाटतो. अशा मोहिमा व्हायलाच हव्यात. परंतु समुद्र जाणून घेण्याचे आणखी एक काम आहे, जे संथ आहे, वर्षानुवर्षे चालते आणि सहसा बातमीत येत नाही. त्याच्याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात एक जागा निश्चित केली आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन पाण्याचे तापमान, क्षारता आणि त्यात विरघळलेला प्राणवायू मोजला. या नोंदींतून जे उलगडले, ते प्रत्येक मासे खाणाऱ्या गोमंतकीयाला ठाऊक असायला हवे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. त्याच वेळी पावसाचे आणि नद्यांचे हलके गोडे पाणी त्यावर झाकणासारखे पसरते, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही. वर आलेल्या पाण्यातील खतासारख्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती भरभरून वाढतात, मरतात आणि तळाशी जाऊन कुजतात, आणि उरलासुरला प्राणवायूही त्या कुजण्यात संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचे पाणी इतके गुदमरलेले असते की त्यात सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तळाच्या मासळीला तेव्हा तिथून हलावे लागते, नाहीतर ती मरते.

हे मोजतात कसे, तेही सांगण्यासारखे आहे. दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी दोरीने पाण्यात सोडायची, ठरलेल्या खोलीवर ती पोहोचली की दोरीवरून एक छोटे वजन खाली घसरवायचे. ते आपटताच झाकणे मिटतात आणि नेमके त्या खोलीचे पाणी वर येते. ते काचेच्या बाटलीत भरून त्यात दोन रसायने घातली की प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो आणि नसल्यास तो पांढराच राहतो. मी रसायनशास्त्राचा शिक्षक होतो. विहिरीचे पाणी आणि उकळून निववलेले पाणी घेऊन हा प्रयोग मी मुलांकडून करून घेत असे, आणि बाटलीतला रंग पाहून वर्ग जसा स्तब्ध होई तसा एरवी कधी होत नसे. त्याच मुलांना ‘समुद्राचे उपयोग लिहा’ म्हटले की मासे, मीठ आणि पर्यटन यांपलीकडे उत्तर जात नसे, याची मला अजून रुखरुख आहे.

आमच्या करंझाळ्याचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमार, पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप पाहून मासळी कुठे आहे ते ओळखतात. ते ज्ञान खरेच आहे. पण तळाशी काय चालले आहे, हे होडीतून दिसत नाही. समुद्र तापत असताना हा गुदमरण्याचा काळ लांबतो आहे की नाही, हे एका वर्षाच्या मोजणीने कळणार नाही. त्यासाठी तीच जागा आणि तेच मोजमाप हवे, आणि निधीअभावी किंवा बोट नसल्यामुळे एक हंगाम हुकला, तर तो पुढे कितीही पैसे खर्चून परत मोजता येत नाही. म्हणून केंद्राने आणि राज्याने या नियमित नोंदींसाठी कायमची तरतूद करावी, आणि शाळांनी सहलीच्या दिवसांपैकी एक दिवस दोनापावलासाठी राखावा.

आपल्याकडेही एक मागणी आहे. वृत्तपत्रांत भरती-ओहोटीच्या वेळा छापल्या जातात. त्यांच्याच शेजारी जून ते नोव्हेंबर या काळात, महिन्यातून एकदा, कांदोळीसमोरच्या पाण्याचे तापमान आणि प्राणवायू सोप्या मराठीत द्यावा. संस्थेकडून आकडे मिळाल्यास त्यांचे मराठी टिपण तयार करून देण्यास मी तयार आहे, आणि ते करंझाळ्याच्या किनाऱ्यावर रापणकारांना वाचूनही दाखवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
करंझाळे, तिसवाडी