गोव्यात लुटले गेलात, तरी तक्रार आपल्या ठाण्यात देता येते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

यंदा कापसाचा चुकारा हाती आला तसे आमच्या गावचे पाच पोट्टे बडनेऱ्याहून मडगावची गाडी पकडून गोव्याला गेले. त्यात माझा पुतण्याही होता. परत आल्यावर पंधरा दिवस कोणी तोंड उघडलं नाही. कृषी केंद्राची उधारी फेडायला भावाने पैसे मागितले, तेव्हा कळलं की बेचाळीस हजार रुपये कळंगुटला गेले. पुतण्याला विचारूनच हे लिहितो आहे.

संध्याकाळी रस्त्यात एक जण भेटला. ‘दादा, कुठले?’ यवतमाळ म्हणताच तो वऱ्हाडी बोलायला लागला, मावशी आर्वीला दिली आहे म्हणाला. परमुलखात आपल्या बोलीचा माणूस भेटला की कोणाचंही मन सैल होतं, आणि त्याला तेच हवं होतं. माणशी हजारात जेवण, नाच, सगळं, असं सांगून त्याने एका क्लबात नेलं. आत बसल्यावर न मागितलेल्या बाटल्या टेबलावर आल्या. बिल आलं तेव्हा दारात चार आडदांड माणसं उभी होती. मोबाइल हातातून घेतले, पिन टाकायला लावला आणि चार वेळा यूपीआयने पैसे वळते केले, तेही एका खासगी खात्यात. निघताना दम दिला : पोलिसांत गेलात तर तुम्ही कुठे बसला होता ते घरी कळवू. या एका वाक्यावर ती टोळी पोट भरते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. लहानपणी जत्रेत तीन पत्त्यांचा खेळ पाहिला आहे. गर्दीतला एक जण पहिल्यांदा जिंकायचा, मग गावकरी पैसे लावायचे. तो जिंकणारा खेळवणाऱ्याचाच साथीदार असायचा. आता तो मोबाइलवर कॅसिनोतल्या चिप्सची, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्यांची, थप्पी दाखवत ‘एका रात्रीत दोन लाख’ सांगतो. पोरांनी गोवा ठरवला तो असलंच काहीतरी पाहून.

पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं उभी असतात. गोव्याने १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या करून हा खेळ परवान्याने चालू दिला. तिथला हिशेब निदान उघड आहे. रुलेट म्हणजे फिरत्या चाकात गोळी टाकून ती कोणत्या आकड्याच्या घरात थांबते त्यावर पैसे लावायचा खेळ. त्या चाकावर शून्य धरून कमीत कमी ३७ घरं असतात आणि एका घरावर लागलं तर ३५ पट मिळतात. प्रत्येक घरावर एकेक रुपया लावून पाहा, ३७ रुपये जातात आणि मूळ रुपयासकट ३६ परत येतात. पण धक्क्याबाहेरचा दलाल ‘पॅकेजमध्ये दोन हजारांच्या चिप्स फुकट’ म्हणतो, तेव्हा त्या एकदाच खेळायच्या आहेत आणि त्यांची रोकड होत नाही, हे तो सांगत नाही. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना या कॅसिनोत खेळायला जायला बंदी आहे. आपल्या लोकांना सरकारने जपलं. मग त्या टेबलांवर बसायचं कोणी? आपल्याच पोरांनी ना!

भाड्याच्या दुचाकीचंही तसंच. पर्यटकाला स्वतः चालवायला द्यायच्या परवान्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त म्हणून घेतली की पोलिसांचा दंड आपल्या माथी, आणि परत देताना जुना ओरखडा दाखवून वर पैसे मागतात. मूळ आधार कार्ड त्याच्याकडे अडकलेलं असतं, मग पोरगा देतो. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये.

आता खरं गाऱ्हाणं. पुतण्याला घेऊन मी आमच्याकडच्या एका पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘गोव्यातलं प्रकरण आहे, तिकडे जा’ असं उत्तर मिळालं. मजुरी बुडवून, हजार किलोमीटरचं भाडं भरून कोण जाणार आहे? घरी येऊन कायदा वाचला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असो, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. धाक दाखवून पैसे उकळणं ही खंडणी आहे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कलमाची छापील प्रत आणि चारही व्यवहारांचे क्रमांक सोबत नेले. तक्रार घेतली गेली.

आपल्या वृत्तपत्राला विनंती, की हे कलम चौकटीत, ठळक छापावं. सोबत दोन क्रमांकही द्यावेत : जागेवर अडकलात तर ११२, आणि हॉटेलच्या खोट्या बुकिंगसारख्या ऑनलाइन फसवणुकीला १९३०. १९३० ला फोन लगेच करावा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. जिल्हा पोलिसांनीही प्रत्येक ठाण्याला या कलमाची लेखी आठवण द्यावी, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या बापाला दोनदा हेलपाटे पडणार नाहीत.

तक्रार दिल्याचं गावात कळलं, त्या रात्री शेजारच्या गावचे दोघे जण पुतण्याकडे आले. एकाला मागच्या वर्षी तसंच दाराशी अडवून लुटलं होतं. त्याने ते आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. परवा त्याच्यासोबत ठाण्यात जातो आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. बाभूळगाव, जि. यवतमाळ